आयते राक्षस, आयते खलनायक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठीत अद्भुतकथा लिहिणाऱ्या तरुणांची संख्या वाढते आहे, याचा आमच्यासारख्या जुन्या वाचकांना आनंदच आहे. मात्र या कथांतले राक्षस, पिशाच्चे आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार टॉल्किनच्या ऑर्क नावाच्या क्रूर जमातीचे मराठी भाऊबंद वाचताना एक गोष्ट खटकते: ते दुष्ट का, तर राक्षस आहेत म्हणून, याखेरीज दुसरे कारण देण्याची लेखकाला गरजच वाटत नाही.

आयता राक्षस घेण्यास माझी हरकत नाही. वाचकाला त्याची आधीच ओळख असते आणि लेखकाची चार पाने लिहिण्याची मेहनत वाचते. हरकत आहे ती त्या ओळखीवरच सगळे भागवून नेण्याला.

आमचे एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी इकडे श्रद्धा आहे; गावात पांडववाडा आहे, आणि भीम-बकासुराची झुंज जवळच पद्मालयाच्या परिसरात झाली, असे सांगतात. गाडाभर अन्न फस्त करणारा बकासुर सर्वांना ठाऊक असतो. पण आदिपर्वातला ब्राह्मण कुंतीला जे सांगतो, ते फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. तेथला राजा दुबळा असून प्रजेचे रक्षण करीत नाही, परचक्रापासून मुलूख राखतो तो बकासुरच, आणि गाडाभर भात, दोन रेडे व एक माणूस हे त्याचे वेतन ठरलेले आहे, असे तो सांगतो. म्हणजे हा राक्षस निव्वळ भुकेला नाही, तर नाकर्त्या राजाच्या जागी बसलेला खंडणीदार आहे. पुढे तर भीम बकाला मारतो, पण त्याच्या भेदरलेल्या नातलगांना यापुढे माणसे मारणार नाही, या बोलीवर सोडून देतो, आणि तेव्हापासून तेथील राक्षस नगरवासीयांना सौम्य दिसू लागले, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे. हिडिंबा आणि घटोत्कच तर पांडवांच्या घरचेच.

टॉल्किनलाही हा पेच सुटला नव्हता. ऑर्क मुळात आले कोठून, आणि एखादी अख्खी जात सुधारण्यापलीकडची असू शकते का, याची तो अखेरपर्यंत वेगवेगळी उत्तरे लिहीत राहिला. आपल्याकडचे नकलाकार मात्र निःशंक असतात!

खानदेशातील लेखकांनी डाकिणीच्या बाबतीत तर अधिकच जपून लिहावे. ऑर्कच्या घरावर कोणी दगड मारीत नाही. सातपुड्याच्या पाड्यांत मात्र डाकीण ठरवलेल्या बाईला मारहाण झाल्याच्या, गाव सोडावे लागल्याच्या आणि जिवाला मुकावे लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी ही समजूत पुरती गेलेली नाही. अशा मुलखात रात्री लेकरांचे रक्त पिणारी डाकीण जशीच्या तशी कथेत आणणे ही नुसती कल्पनेची भरारी राहत नाही. डाकीण कथेत आणूच नये, असे माझे म्हणणे नाही. आणावी; पण गावातले मूल आजारी पडल्यावर तिचे नाव प्रथम कोणी घेतले, भगताकडे कोण गेले आणि तिच्या दोन बिघे जमिनीवर कोणाचा डोळा होता, एवढे तरी लेखकाने शोधावे. खलनायक बहुधा तेथेच सापडेल.

आपला,
एक वाचक, एरंडोल (जि. जळगाव)