नारळाच्या कुस्त्या आणि हेवीवेट

सांगली,
२० जानेवारी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र पोचलं. चार पानं बॉक्सिंग आणि शेवटी दीड ओळीत ‘घरी सगळे मजेत’! वहिनींच्या हाती ते पडलं नाही हे तुझं नशीब.

तुझं म्हणणं असं, की हेवीवेटमध्ये, म्हणजे सगळ्यात जड वजनाच्या बॉक्सरांत, रॉकी मार्सियानोच्या वर कुणी नाही. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. हिशेब चोख आहे. पण मर्दा, आपण तालमीत वाढलेली पोरं. कुणी कुस्ती मारून आला की वस्ताद आधी काय विचारायचे? ‘कुणाबरोबर?’

१९५१ साली मार्सियानोनं जो लुईला आठव्या फेरीत झोपवलं, तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता, कराच्या थकबाकीपायी पुन्हा रिंगणात उतरलेला. पुढच्या वर्षी वॉलकॉटकडून विश्वविजेतेपदाचा किताब घेतला, तर वॉलकॉट ३८ चा. एवढ्यावर मार्सियानोला मोडीत काढणारेही आहेत. मला ते पटत नाही. त्याच वॉलकॉटनं त्याला पहिल्या फेरीत खाली बसवलं होतं आणि बाराव्या फेरीपर्यंत गुणांत मागे ठेवलं होतं. तेराव्यात मार्सियानोचा उजवा हात बसला आणि खेळ संपला. एझर्ड चार्ल्सनं तर १९५४ मध्ये त्याचं नाक उभं फाडलं होतं. समोर जे नामांकित होते त्यांच्याशी गडी लढला. ते वयानं उतरलेले होते, त्याला तो काय करणार? फक्त ४९ या आकड्याला देव्हाऱ्यात बसवू नकोस. मला विचारशील तर ती तेरावी फेरी तेवढी पुरे.

दुसरा हेवीवेट विजेता, जो फ्रेझर, त्याचं बघ. ३२ विजय, ४ पराभव. कागदावर मार्सियानोपेक्षा कितीतरी फिका. पण ते चार पराभव कुणाकडून? दोनदा फोरमन, दोनदा अली. तिसरा कुणी त्याला हरवू शकला नाही. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले, तेही असेच. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामादबेयोव या दोघांकडून हरले. एकानं सोनं नेलं, दुसऱ्यानं चांदी.

आता माझा खरा मुद्दा. बॉक्सर कुणाकुणाशी लढला, त्या यादीत कोण आहे हे सगळेच बघतात. कोण नाही, ते बघ.

हेवीवेटमधलाच रिडिक बो घे. ४३ विजय, एकच पराभव, तोही होलिफिल्डकडून. लेनॉक्स लुईसचे ४१ विजय, २ पराभव, १ बरोबरी. नुसते आकडे बघितले तर बो वरचढ. पण १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या फायनलमध्ये बो लुईसकडून हरला होता. बो १९९२ च्या नोव्हेंबरात होलिफिल्डला हरवून विश्वविजेता झाला, तेव्हा लुईस आव्हानवीर म्हणून दारात उभाच होता. डिसेंबरात बो लंडनला गेला, पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचा विजेतेपदाचा पट्टा उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला! व्यावसायिक रिंगणात ही जोड कधी लागलीच नाही. पैशाचं जुळलं नाही, अटी एकतर्फी होत्या, असं बरंच सांगतात. असेलही. लुईसला मात्र मॅकॉल आणि रहमान या दोघांनी नॉकआउट केलं आणि त्यानं दोघांनाही पुन्हा गाठून परतफेड केली. तुझ्या वहीत ते दोन पराभव लाल शाईनं असतील, माझ्या वहीत ती दोन नावं सगळ्यात वर आहेत.

तू म्हणशील, हा शहाणपणा कुठून आला? तर ऐक, आणि हसू नकोस.

जत्रेतल्या नारळाच्या कुस्त्या आठवतात? हलगी कडाडायची, आपण लंगोट लावून, हात वर करून फेरी मारायचो. समोरच्यानं हात दिला की पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करायचे, मान-मांडी बघायचे आणि जोड लावायचे. मी लागोपाठ तीन वर्षं नारळ आणले. आईनं तिसऱ्याची वडीसुद्धा केली. पण मी फेरी कशी मारायचो, ते तुझ्या लक्षात आलं होतं का? मळ्यातला तो रुंद मानेचा पोरगा पश्चिमेच्या कडेला उभा असायचा. तिथं पोचायच्या आत माझा लंगोट हमखास सैल व्हायचा. मी खाली वाकून गाठ मारत बसायचो आणि तेवढ्यात त्याला दुसरा कुणीतरी हात द्यायचा.

परवा तासगाव रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो होतो. पुढच्या ट्रॅक्टरवरून एक जण उतरला, टायर बघितले आणि माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केली. मान अजून तशीच. चहा घेतला टपरीवर. पोरं-बाळं, उसाचा दर, सगळं बोलून झालं. जाताना ट्रॅक्टरवर चढत म्हणाला, ‘‘काय पैलवान, लंगोट बसला का आता नीट?’’

चैत्रात जत्रेला ये. तो येणार आहे.

तुझाच,
तीन नारळवाला