सेंट अँड्र्यूजच्या बेताबद्दल

एडिंबरा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबांच्या गोल्फसाठी सेंट अँड्र्यूजला मे महिन्यात जाऊ या. तेव्हा रात्री नवापर्यंत उजेड असतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून भरता येतो, तो लांबवू नका.

बाबा, ओल्ड कोर्सवर, म्हणजे तिथल्या जुन्या गोल्फ मैदानावर, नंबर लागेलच असं धरून चालू नका. रोजच्या सोडतीत नाव घालायला किमान दोन खेळाडू लागतात आणि मी तर खेळत नाही. एकट्यासाठी सोडत वेगळी असते. आदल्या दिवशी तिथे स्वतः जाऊन नाव नोंदवायचं. नंबर लागला तर चारांपेक्षा कमी असलेल्या एखाद्या गटात तुम्हाला घेतात. म्हणूनच इथून रोज ये-जा न करता गावातच पाच-सहा रात्री राहू; जितके दिवस नाव देऊ तितकी शक्यता जास्त. तुमच्या क्लबकडून हँडिकॅपचा, म्हणजे खेळाच्या पातळीचा, दाखला आत्ताच मागून ठेवा, त्याशिवाय खेळू देत नाहीत. फी तीनशे पौंडांच्या वर आहे, बॅग उचलणाऱ्या कॅडीचे पैसे वेगळे. ते माझ्याकडून, त्यावर वाद नको.

मला खरी काळजी तुमच्या गुडघ्याची आहे. ओल्ड कोर्सच्या अठरा होलांपैकी (चेंडू खळग्यात घालायच्या टप्प्यांपैकी) पहिले नऊ गावापासून दूर दूर नेतात आणि पुढचे नऊ परत आणतात. नवव्या होलला गुडघा कुरकुरला तर तुम्ही क्लबहाउसपासून सगळ्यात लांब असता. सगळी फेरी पायीच असते, सात-आठ किलोमीटर सहज होतात. मैदानावर फिरायची गाडी सरसकट मिळत नाही; वैद्यकीय कारण असेल तर आधी विचारावं लागतं. तेव्हा डॉक्टरांना आत्ताच दाखवा आणि त्यांची चिठ्ठी घ्या. नाहीच जमलं तर तिथेच नऊ होलांचं बालगोव्ह मैदान आहे आणि अठरा होलांचं, पण सोपं स्ट्रॅथटायरम. समुद्राचा वारा तोच, जमीनही तशीच वाळूची.

त्या जमिनीमुळे खेळ बदलतो. गवत आखूड आणि खालची जमीन कडक, त्यामुळे चेंडू पडल्यावर बराच घरंगळतो. उंच मारलेला फटका वारा कुठल्या कुठे नेतो. ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवताच्या, बाहेर वीस-तीस यार्डांवर असलात तरी चेंडू उंच उडवणारी वेज काढू नका, सरळ पटरने, जमिनीवरून ढकलायच्या काठीने, ढकला. सतराव्या होलला ग्रीनच्या डावीकडे खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे आणि मागे डांबरी रस्ता. चेंडू रस्त्यावर गेला तर तिथूनच मारावा लागतो, सूट नाही. त्या बंकरच्या भिंती उभ्या असतात. पुढे मारणं अवघड वाटलं तर चेंडू आडवा किंवा मागे काढलेला बरा.

गोल्फच्या काठ्यांची बॅग आणू नका, तिथे भाड्याने मिळते. बूट आणि ग्लोव्ह मात्र आपले हवेत. तुमचा पटर सोडवत नसेल तर चेक-इनच्या सामानात घाला, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. छत्री त्या वाऱ्यात उलटते. दोघांनाही टोपीची वॉटरप्रूफ जाकिटं आणि पँट घ्या. औषधं मात्र हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

आई, तुला कंटाळा येणार नाही. मैदानाला लागूनच वेस्ट सँड्सचा लांबच लांब किनारा आहे, भरती नसली की वाळू घट्ट असते, चालायला छान. शेजारी ‘हिमालयाज’ नावाचं उंचसखल पटिंग ग्रीन आहे. महिलांच्या क्लबने 1867 साली सुरू केलेलं, कोणालाही थोडक्या पैशांत खेळता येतं. तू बाबांना तिथे हरवू शकशील. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो आणि लोक बागेत फिरावं तसे फिरतात. तेव्हा तिथल्या स्विल्कनच्या दगडी पुलावर तुमचा फोटो काढू. बाबा, त्याच दिवशी सतराव्याचा तो बंकर जवळून बघून घ्या.

गावात रेल्वे स्टेशन नाही. एडिंबऱ्याहून लूकर्सपर्यंत तासाभराची गाडी, पुढे बस. सामान असल्याने मी लूकर्सहून टॅक्सी सांगेन.

पासपोर्टची मुदत बघून फोनवर सांगा, आणि डॉक्टर गुडघ्याबद्दल काय म्हणाले तेही. ते कळलं की तारखा ठरवून हॉटेल बुक करते.

तुमची लेक