टिटिकाकाच्या बेटांवर राहायला जाताना

मा. संपादक,

पेरूतील टिटिकाका सरोवरातल्या बेटांवर मुक्कामाचा बेत आखणाऱ्या मराठवाड्यातील मंडळींसाठी थोडे. सरोवर 3,812 मीटरवर आहे. आपले कळसूबाई 1,646. लिमाहून विमानाने थेट गेल्यास डोके ठणकते, मळमळते, कारण विरळ हवेत दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो. सरोवरकाठच्या पुनो शहरात दोन रात्री काढूनच बोट धरावी.

उरोस लोकांची बेटे तरंगती. तोतोरा या लव्हाळ्याच्या मुळांचे जाड ठोकळे दोरांनी एकत्र बांधतात, खुंट रोवून जागेवर अडकवतात आणि वर कापलेला तोतोरा कडब्यासारखा आडवा-उभा अंथरतात. खालचा थर कुजत जातो, म्हणून वर सतत नवा टाकावा लागतो. पावसाळ्यात तर जास्तच. पाऊल दबते, घाबरू नये. चूल मात्र दगडावरच, कारण वाळला तोतोरा भडकन पेटतो.

खरा घरगुती मुक्काम आमांतानी बेटावर. किनोआचे सूप, बटाटे, मुन्या या पुदिन्यासारख्या वनस्पतीचा चहा. शाकाहारींचे अडत नाही. मुलांना चॉकलेटे वाटत फिरण्यापेक्षा घरात तांदूळ, साखर, तेल द्यावे. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, तिथे सोलापुरी चादर पुरत नाही. आणि पॅकेज घेताना घरमालकिणीच्या हाती किती पडतात, हे आधीच विचारा.

– एक वाचक, लातूर