सूचना : उड्डाणाआधी ड्रोन कंपनीचे निर्बंध तपासा

सर्व व्यावसायिक ड्रोन पायलट सभासदांसाठी,

लायसन्स आहे, हवाई क्षेत्राची परवानगीही हातात आहे, तरी ड्रोन जागचा हलत नाही, अशा तक्रारी ग्रुपवर वाढल्या आहेत. ड्रोन बनवणाऱ्या कंपनीचं जिओफेन्सिंग, म्हणजे ठरावीक जागी ड्रोन उडू न देणारी सॉफ्टवेअरची अडवणूक, सरकारी परवानगी आपोआप ओळखत नाही. ती उठवण्यासाठी कंपनीकडे अनलॉक वेगळा मागावा लागतो. यावर येत्या रविवारी सकाळी ११ वाजता ऑनलाइन बैठक आहे. तोवर एवढं पाळा :

– काम घेण्याआधीच जागा कंपनीच्या नकाशावर पाहा.
– अनलॉक ठरावीक खातं, ड्रोनचा सीरियल नंबर आणि मुदत यांच्याशी जोडलेला असतो. ऐनवेळी दुसरा ड्रोन नेलात, तर उपयोग शून्य.
– इंटरनेट असतानाच अनलॉक ड्रोनमध्ये घेऊन सुरू करा. साइटवर रेंज मिळेलच असं नाही.
– निर्बंध तोडणारं फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकू नका.

डीजेआय या ड्रोन कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सक्तीची अडवणूक काढून फक्त इशारे ठेवले. जबाबदारी पायलटवर आली, आणि माझ्या मते ती तिथेच असावी. काहींना हे पटत नाही. त्यांनी बैठकीत जरूर बोलावं.

अडलेल्या उड्डाणांचे स्क्रीनशॉट शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका, सीरियल नंबर झाकून.