चोरी दुकानात, दोष मात्र गिऱ्हाइकाला

मा. संपादक,

कालच्या कार्डचोरीच्या बातमीखालची चौकट वाचून राहवले नाही. ‘ओटीपी सांगू नका, पिन लिहून ठेवू नका’, एवढाच काय तो सल्ला! दुकानातून कार्डाची माहिती चोरीला जाते तेव्हा तिच्यावरून बनवलेल्या बनावट कार्डाच्या खरेदीला चोराला बहुतेक वेळा ओटीपी लागतच नाही.

कार्डामागच्या काळ्या पट्टीत क्रमांक, मुदत आणि पडताळणीचा संकेतांक असतो. दर वेळी तोच. अमेरिकेत ‘टार्गेट’च्या दुकानांतून २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन सणासुदीत, सुमारे ४ कोटी कार्डांची अशी माहिती गेली. चोर एकाही काउंटरपाशी फिरकले नव्हते. दुकानांची शीतयंत्रणा सांभाळणाऱ्या ठेकेदाराचा पासवर्ड चोरून ते नेटवर्कमध्ये शिरले आणि बिलिंगच्या यंत्रांत त्यांनी घातक सॉफ्टवेअर सोडले. कार्ड घासले की पट्टीतली माहिती क्षणभर यंत्राच्या मेमरीत उघडी पडते. नेमकी तेव्हाच ती उचलली जाई. कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेने इशारे दिले होते, ते कोणी मनावर घेतले नाहीत. यात गिऱ्हाइकाने काय सांभाळायला हवे होते?

कार्डावरची चिप दर व्यवहाराला नवा संकेत तयार करते, त्यामुळे चोरलेला जुना संकेत पुन्हा चालत नाही. पण चिपच्या कार्डालाही मागे पट्टी असतेच. पैसे वळते झाल्यावर काउंटरवरचा माणूस ‘हिशेबासाठी’ म्हणून कीबोर्डच्या कडेच्या खाचेतून कार्ड पुन्हा ओढू लागला, तर तिथेच अडवावे. त्या घासण्याने पट्टीतली माहिती थेट दुकानाच्या संगणकात जाते. कार्ड स्वतःच्या हाताने चिपच्या खाचेत घालावे, पिन दाबताना दुसरा हात आडवा धरावा. खाच हलत असेल किंवा वर काही चिकटवल्यासारखे दिसले, तर रोख द्यावी.

चौकटीत खरे तर हे हवे होते: बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसलेल्या अशा चोरीच्या व्यवहाराची तक्रार, बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत केली, तर ग्राहकावर एका रुपयाचाही बोजा येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले. तक्रारीनंतर कामकाजाच्या १० दिवसांत बँकेने रक्कम खात्यात दाखवायची, हेही त्यातच आहे. हे ठाऊक नसल्याने माणसे आठवडा घालवतात आणि हक्काचे पैसे गमावतात.

जाता जाता, बिलासाठी मोबाइल क्रमांकाचा हट्ट धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले होते. तो हट्ट अजून सुटलेला नाही. त्यावरही एक बातमी छापा.

– एक वाचक, ठाणे