श्रीलंकेला दिलेले डॉलर खैरात नव्हते

संपादक साहेब, नमस्कार

आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने विचारलंय की इथे शेतकऱ्याला द्यायला पैसे नाहीत आणि श्रीलंकेला अब्जावधी कसे काय दिले. राग समजतो पण दोन्ही पैसे एक नाहीत. २०२२ मध्ये तिथे संपले होते डॉलर. त्यांचे रुपये त्यांची सेंट्रल बँक छापू शकते, छापलेही भरपूर, पण त्या रुपयांत डिझेल आणि औषधं बाहेरचा कोण देणार? कागदसुद्धा बाहेरूनच येतो, त्यामुळे तिकडे पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या आणि एका मोठ्या वृत्तपत्र समूहाला शनिवारचे अंक छापणं थांबवावं लागलं. पुढे पेट्रोल क्यूआर कोडवर, टू व्हीलरला आठवड्याला ४ लिटर आणि रिक्षाला ५. पाच लिटरमध्ये रिक्षावाल्याने काय भाडी मारायची आणि काय घरी न्यायचं!

आता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं (आयएमएफ, अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी संस्था) बघा. परदेशी कर्ज फेडणं थांबवतोय हे श्रीलंकेने १२ एप्रिल २०२२ ला सांगितलं, अधिकाऱ्यांच्या पातळीवर बोलणी ठरली १ सप्टेंबरला आणि कर्जाला मंजुरी आली थेट २० मार्च २०२३ ला, तीही साधारण ३ अब्ज डॉलरची, चार वर्षांत हप्त्याहप्त्याने. मधला वेळ गेला तो जुन्या सावकारांकडून सवलतीची हमी घेण्यात. भारताने २०२३ च्या जानेवारीत दिली, चीनकडून हवी तशी हमी मिळायला मार्च उजाडला. नियम चुकीचा नाही म्हणा, सावकार सवलत द्यायला तयार नसतील तर नव्या पैशातून त्यांचीच वसुली होणार, पण तोवर लोकांनी रांगेत उभं राहायचं का? त्याआधीच, २०२२ च्या सुरुवातीला, इंधनासाठी ५० कोटी डॉलरची, अन्न-औषधांसाठी १ अब्जाची क्रेडिट लाइन (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उधारी) आणि ४० कोटींचं स्वॅप (चलनाची तात्पुरती अदलाबदल) आपण दिलं. हे सगळं कर्ज आहे, परत यायचंय.

आणि आपण तरी कुठे वेगळे होतो, १९९१ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं विमानाने बाहेर पाठवलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलर मिळवायला.

मला खटकतं ते दुसरंच. २०१९ मध्ये श्रीलंकेने व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी घातली, हे निर्णय तेव्हाचे अध्यक्ष गोटाबया राजपक्षेंच्या सरकारचे, आणि वीजदर २०२२ च्या ऑगस्टमध्ये ७५ टक्के आणि पुढच्या फेब्रुवारीत ६६ टक्के वाढले ते सामान्य घरांचे. नाणेनिधीच्या अटी लिहिणाऱ्यांनी हे जरा बघायला पाहिजे होतं.

आपण २०२४ मध्ये मालदीवलाही ४० कोटी डॉलरचं स्वॅप दिलंय. अशा प्रत्येक कर्जाचं व्याज, मुदत आणि आत्तापर्यंत किती परत आलं याचा तक्ता सरकारकडून मागून एकदा तुमच्या पेपरात छापा की.

– एक वाचक, सांगली