गुरुवारी कारखाना बंद, मीटर मात्र जोरात

मा. संपादक,

उच्चदाब वाहिनीवरून वीज घेणाऱ्या, आमच्यासारख्या कारखान्यांचे वीजबिल 1 एप्रिल 2020 पासून, वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार, किलोवॉट-तासांऐवजी (म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या युनिटांऐवजी) केव्हीए-तासांवर (म्हणजे काम न करता नुसती ये-जा करणारी वीजही धरून) निघते. आमच्या भोसरीत चहाच्या टपरीवर अजूनही याचा अर्थ ‘आडवाटेने दरवाढ’ एवढाच लावतात. मीही तेच म्हणत होतो.

पूर्वी पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेतला कामी आलेला वाटा, 0.90 च्या खाली गेला की दंड, 0.95 च्या वर गेला की सवलत. त्यामुळे हा फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर जितके जास्त तितके बरे, हे आम्हा लघुउद्योजकांच्या डोक्यात पक्के बसले. आता दंडाची वेगळी ओळ नाही आणि लॅगिंगबरोबर (मोटारींमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडणे) लीडिंगही (कपॅसिटरमुळे तो पुढे जाणे) मोजले जाते. म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाले तरी भुर्दंड आहेच.

गेल्या महिन्यात सुटीच्या गुरुवारी विसरलेली फाइल आणायला कारखान्यात गेलो. लेथ, कॉम्प्रेसर सगळे गप्प. कपॅसिटर पॅनेलमधून मात्र कॉन्टॅक्टरची घूं घूं चालू. दार उघडले तर खुंटी ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर, म्हणजे भार नसला की कपॅसिटर आपोआप सुटायचे ते सुटलेच नव्हते. दुरुस्तीवाला तशीच ठेवून गेलेला. दिवे, कॅमेरे मिळून भार 4 किलोवॉट आणि लाइनवर 40 केव्हीएआरचे (काम न करणाऱ्या विजेचे माप) कपॅसिटर! ट्रान्सफॉर्मर त्यातले थोडे खातो, ते सोडून हिशेब केला तर 24 तासांत वापर 96 युनिट, मीटरवर सुमारे 965 केव्हीए-तास. अशा किती सुट्या गेल्या असतील, देव जाणे.

नियमाला मी नावे ठेवत नाही. फॅक्टर कुठल्याही बाजूला ढळला तरी तारांतून करंट जास्त वाहतो; भार नसताना लीडिंगने व्होल्टेजही चढते. तक्रार बिलाबद्दल आहे. लॅग-लीडची रीडिंग त्यात असतात, पण त्यांचे रुपये किती झाले ते कुठेच दिसत नाही. ‘फॅक्टर 1 असता तर बिल इतके कमी आले असते’, एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? वजाबाकी आम्हालाही येते. पण बिल हाती आले की नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते, हेही खरे.

खुंटीशेजारी मी आता लाल रंगाने खूण केली आहे. हा किस्सा ऐकून शेजारच्या तीन गाळेवाल्यांनी आपापली पॅनेल उघडली. दोघांची खुंटी ‘मॅन्युअल’वरच होती.

– एक लघुउद्योजक, भोसरी, पुणे